दारापासून नऊ पावले

"इथंच," काका म्हणाले. "इथंच असायला पाहिजे."

हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. तिसरा खड्डा कमरेइतका खोल झाला होता आणि त्यात पिवळ्या मातीखेरीज काही सापडले नव्हते. पलीकडे, पोस्टाच्या भिंतीलगत, फुटलेल्या जलवाहिनीचे कारंजे सकाळपासून उडत होते. ज्यांच्या घरी थेंब येत नव्हता ती माणसे बादल्या घेऊन त्या कारंज्याभोवती जमली होती. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह रस्त्याच्या पोटात कुठेतरी होता. तो सापडला असता तर एवढ्या एका गल्लीचे पाणी तोडून काम भागले असते.

काकू काकांचा डावा दंड धरून उभ्या होत्या. ऊन चढले होते. 

खड्ड्यातल्या फिटरने घाम पुसला आणि वर काकांकडे बघितले. "नकाशा, अजून दोन हात खणलं तर पाताळातली माणसं विचारायला येतील हं, काय हवंय म्हणून."

गर्दी हसली. काकाही हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेले नाही.

"वहीत काय आहे ते पुन्हा वाचा," ते म्हणाले.

इंजिनीअरबाई तिशीच्या आतली होती. डोक्यावर पिवळे हेल्मेट, बुटांना चिखल. तिने काकांची वही उघडली. "पोस्टाच्या पायरीपासून सरळ, गिरणीच्या बाजूला, बत्तीस पावलं. पुढे बरोबरची खूण आहे, काका. तपासल्याची."

"मग बत्तीसच."

"मी दोनदा चालले. फिटरनं एकदा."

"फिटरला बत्तीसपर्यंत मोजता येतं का, ते आधी विचारा," गर्दीतून कुणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. त्यातच एक बाई मात्र न हसता म्हणाली, "म्हाताऱ्यावर विसंबून रस्ता कशाला उकरताय? घरात लहान पोर आहे माझ्या, आंघोळ नाही की काही नाही."

शेवटी व्हायचे तेच झाले. मोठ्या टाकीवरूनच पाणी बंद करावे लागले. सगळे गाव दोन दिवस कोरडे राहिले, आणि तिन्ही खड्डे बुजवायला आणखी एक दिवस गेला.

"काका, तुम्ही आता घरी जा. ऊन लागेल," इंजिनीअरबाई त्या दिवशी खड्ड्यापाशीच म्हणाली होती. बोलली ती अगदी मायेने. पण बोलता बोलता तिने वही मिटली आणि परत काकांच्या हातात दिली. ठेवून घेतली नाही. हे काकूंनी पाहिले, आणि काकांनीही.

काकांची नोकरी म्हणजे गावाला पाणी सोडणे. पहाटे चारला उठायचे, लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधायची आणि निघायचे. रस्त्यातले झाकण उचलायचे, चावी आत घालायची आणि मोजून आटे फिरवायचे. इकडचे बंद, तिकडचे चालू. अशी छत्तीस वर्षे. सुरुवातीला गावात साठ-सत्तर व्हॉल्व्ह होते, पुढे दोनशे बारा झाले, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बसवणुकीला काका स्वतः खड्ड्यात उतरलेले होते. कचेरीत एक जुना नकाशा होता तो वाळवीने खाल्ला. रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले, रोज न लागणारी झाकणे खाली गडप झाली. राहिले ते काकांच्या डोक्यात. नवा साहेब आला आणि त्याने नकाशा मागितला की लोक काकांकडे बोट दाखवायचे. म्हणून ते नकाशा, आणि शेजारणींनी ठेवलेल्या नावाप्रमाणे काकू नकाशीण.

काकांना त्याचा अभिमान होता. खोटे कशाला बोलायचे, आपल्यावाचून गावाचे अडते हे त्यांना आवडायचे. कुणी शिकायला मागे लागले नाही आणि त्यांनीही कुणाला शिकवले नाही.

मग निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. सौम्य होते. वाचा वाचली, डावा पाय मात्र ओढला जाऊ लागला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितले की असे पुन्हा होऊ शकते, कधी ते सांगता येत नाही. काकूंनी ते मनातच ठेवले. पण काका काही खुळे नव्हते. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी गेलो ना, तर अर्धं गाव माझ्याबरोबर खाली जाईल गं. कुणाला काही सापडायचं नाही."

"अशुभ बोलू नका."

"अशुभ नाही. दोनशे बारा आहेत. मागं काहीतरी ठेवून गेलं पाहिजे."

वही आली ती लेकीकडून. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. तिथे तिने कुणाचेतरी व्याख्यान ऐकले होते की माणसाने आपण मागे काय ठेवणार हे ठरवून जगावे, नाहीतर नुसतीच वर्षे जातात. तिने बाबांसाठी एक देखणी वही पाठवली. जाड कापडी बांधणी, आत गुळगुळीत पिवळसर कागद, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेला एकेक प्रश्न. तुमचे बालपण कसे होते? तुमचा सर्वांत आनंदाचा दिवस कोणता? तुम्हाला कशाची भीती वाटते? बाबांनी त्यात आपल्या आठवणी लिहाव्यात असे तिच्या मनात होते.

चार महिन्यांनी ती घरी आली तेव्हा तिने वही उघडली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हे काय? 'तुमचे पहिले प्रेम', आणि त्याच्याखाली 'गिरणीमागचा, गंजलेला, दोघांनी मिळून फिरवावा'?"

"कागद फार चांगला आहे. शाई फुटत नाही."

"मी तुमच्याबद्दल लिहायला दिली होती."

"माझ्याबद्दलच आहे की," काका म्हणाले.

लेक हसली खरी. निघताना मात्र काकूंना म्हणाली, "आई, त्यांना आमच्यापेक्षा ते पाइपच जवळचे. लहानपणापासून बघतेय मी." काकूंना तिचे खोटे वाटले नाही. त्यांनीही छत्तीस वर्षे वाट पाहिली होती की हा माणूस एकदा निवांत आपल्यापाशी बसेल. आणि आता बसायच्या वयात तो काठी टेकत रस्तोरस्ती फिरत होता, व्हॉल्व्ह तपासत.

तो पोस्टासमोरचा प्रकार झाला आणि काका खरेच बसले. वही कपाटावर टाकली. खिडकीपाशी खुर्ची ओढली. विचारले तर हो-नाही, वाढले तर जेवायचे. ज्या निवांतपणाची काकूंनी इतकी वाट पाहिली होती तो घरात येऊन बसला, आणि तो एखाद्या परक्या पाहुण्यासारखा त्यांना नकोसा झाला.

"झालं ते झालं. एक चुकला. दोनशे अकरा आहेत ना बरोबर?" त्या एकदा म्हणाल्या.

काकांनी खिडकी लोटून घेतली. मग म्हणाले, "एक नाही. तुला सांगितलं नाही मी. तो पोस्टाचा, मला जन्मभर बावीस पावलं म्हणून ठाऊक होता. वहीतही आधी बावीसच लिहिलं होतं. मग तपासायला गेलो, चाललो, तर बत्तीस भरली."

"मग?"

"मग बावीस खोडलं. पुढं सगळीकडं तसंच व्हायला लागलं. अठरा म्हणावं तर सव्वीस. चाळीस म्हणावं तर अठ्ठावन्न. माझं डोकं कामातून चाललंय, हे मला कळलं. म्हणून म्हटलं डोक्यावर भरवसा नको. चालून बघायचं आणि जे येईल ते लिहायचं. आता तेही खोटं निघालं." त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले. "मी तुला ओळखेनासा होईन तेव्हा लेकीला बोलवून घे."

काकू उठून आत गेल्या आणि नसलेली कामे काढून करत राहिल्या.

मोडल्या पायालाही सवय सुटत नाही. काका अजूनही पहाटे चारलाच उठायचे. दारापर्यंत जाऊन कडी काढायचे, बाहेर बघायचे, आणि मग घराच्या लांबोळक्या बोळातून मागच्या न्हाणीघराकडे तोंड धुवायला जायचे. लग्न झाल्यापासून काकू अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत आल्या होत्या. नव्या नवरीला परक्या घरात पहाटे जाग यायची, आणि अंधारात करण्यासारखे काही नसायचे, म्हणून तिने ती पावले मोजली होती. दारापासून नऊ. नवव्याला नळाचा आवाज. पुढे मोजायची सवयच लागली. लेकीच्या जन्मानंतर, सासू गेल्यावर, भांडणाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा नऊच.

त्या आठवड्यात एका पहाटे काकू जाग्याच होत्या. कडी वाजली. मग पाऊल, आणि त्यामागे ओढलेला पाय. काकू मोजत गेल्या. नऊ झाली. नळ वाजला नाही. दहा. अकरा. तेरा झाली तेव्हा पाणी सुटले.

काकू उठून बसल्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "परत दारापर्यंत जा बरं."

"कशाला?"

"जा म्हणते ना. आणि या."

काका तोंडाला साबण तसाच घेऊन गेले आणि आले. पुन्हा तेरा. काकूंनी दिवा लावला.

"घर लांब झालं का हो आपलं? चार पावलांनी?"

"काय बोलतेस?"

"चाळीस वर्षं ऐकतेय मी. दारापासून न्हाणीपर्यंत तुमची नऊ पावलं. आज तेरा झाली. भिंत तर कुणी मागं सरकवली नाही."

काकांनी खाली आपल्या पायांकडे बघितले. असे बघितले की जणू ते पाय दुसऱ्याच कुणाचे होते आणि चुकून आपल्याकडे आले होते. काकूंनी शिवणाच्या डब्यातून टेप आणली, गुडघ्यांवर बसून बोळ मोजला. सहा मीटर तीस. पाटीवर भागाकार केला. पूर्वीचे पाऊल सत्तर सेंटीमीटर. आताचे अठ्ठेचाळीस.

"बावीस गुणिले सत्तर," काका हळूच म्हणाले. "आणि बत्तीस गुणिले अठ्ठेचाळीस."

काकूंनी दोन्ही गुणाकार केले. दोन-चार सेंटीमीटरचा फरक आला.

"म्हणजे बावीसच होतं."

"बावीसच होतं. डोकं कुठं गेलेलं नाही तुमचं. गेलाय तो पाय. ती बत्तीस ह्या पायाची, पोस्टापुढं चालले ते धडधाकट पाय. आणि तुम्ही पायाचं ऐकून डोक्याला खोटं पाडलंत."

काका न्हाणीघरात गेले आणि तोंडावर पाणी मारू लागले. साबण कधीच गेला होता तरी बराच वेळ मारत राहिले.

सकाळी आठ वाजता दोघे पोस्टासमोर होते. काकू रस्त्यावर गुडघे टेकून दीड मीटरच्या शिवणाच्या टेपने मोजत पुढे सरकत होत्या आणि सायकलवाले वळून वळून बघत होते. पंधरा मीटर चाळीसला त्यांनी खडूने फुली मारली. काकांनी पहार उचलली आणि फुलीच्या आजूबाजूला डांबरावर ठोकत गेले. ठक. ठक. ठक. मग एका जागी आवाज बदलला. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

इंजिनीअरबाईला बोलावणे गेले. ती येताना फिटरला घेऊन आली. दीड हात खणल्यावर लोखंडाला लोखंड लागले. फिटर खाली वाकला, माती हाताने बाजूला केली आणि झाकण दिसल्यावर आपल्या कानाला हात लावून म्हणाला, "चुकलात हो नकाशा. तब्बल चार बोटांनी."

इंजिनीअरबाई हसली नाही. तिने काकूंकडून सगळे ऐकून घेतले. मग जीपमधून पन्नास मीटरची टेप आणून तिने काकूंच्या हातात दिली. "वही पुन्हा करायची, काका. पावलांत नको, मीटरमध्ये. आणि न्हाव्याचं दुकान, कुणाचा ओटा असल्या खुणा नकोत, उद्या ते पाडतील. पक्क्या खुणा द्या. माझ्याकडे तुमच्याबरोबर द्यायला माणूस मात्र नाही."

"मी आहे," काकू म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचेच नवल वाटले.

त्यानंतरचे पाच महिने काकूंच्या आयुष्यात वेगळेच होते. रोज सकाळी उन्हाआधी निघायचे. काका काठी टेकून सांगणार, काकू मोजणार आणि लिहिणार. खोडलेले जुने आकडे काकांना मागून तोंडपाठ येत होते. एकही अडला नाही. दमले की कुणाच्याही पायरीवर बसायचे. आणि बसले की काका बोलायचे. जो माणूस जेवताना चार वाक्ये बोलत नसे, तो व्हॉल्व्हपाशी थांबला की बोलायचा. इथे थंडीत गळ्याइतक्या पाण्यात उभा होतो आणि वरून मुकादम छत्री धरून सूचना देत होता. इथे तू डबा घेऊन आली होतीस आणि चेंबरमध्ये पडली असतीस. याचे आटे उलटे आहेत, कुणी जोर करून तोडील, लिहून ठेव. काकूंनी लिहिले: आटे उलटे, हळू फिरवणे, जोर करू नये.

एका सकाळी ते शाळेसमोरच्या व्हॉल्व्हपाशी होते. फाटकापासून अकरा मीटर वीस. शाळा भरायची होती, रस्ता रिकामा होता.

"इथं फार गळती व्हायची," काका म्हणाले. "महिन्यातून दोनदा तरी खाली उतरायचो. मधल्या सुट्टीत पोरं सुटायची. आपली लेक त्या खांबामागं जाऊन उभी राहायची."

"का?"

"का म्हणजे? चिखलानं माखलेला बाप खड्ड्यातून वर येताना मैत्रिणींना दिसला असता. मला खालून तिची रिबीन दिसायची." काकांनी काठीने फाटकाचा खांब दाखवला. "मग मी मुद्दाम उशिरा वर यायचो. घंटा होईस्तोवर खालीच काहीतरी करत बसायचो."

काकूंचे टेप गुंडाळणे थांबले. "मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलण्यासारखं काय? चिखल होताच की."

त्या दिवशी घरी आल्यावर काकू वही पुढे करून म्हणाल्या, "एक पान तरी लेकीसाठी लिहा. एवढ्या हौसेनं तिनं पाठवली."

काकांनी पाने उलटली. एका पानावर थांबले. माथ्यावर छापले होते, 'आपल्या अपत्याला तुम्ही काय सांगाल?' "हे सोड मोकळं," ते म्हणाले. "इथं व्हॉल्व्ह नको लिहू."

"मग लिहा ना आत्ताच."

"एवढे सगळे होऊ देत. मग सावकाश लिहितो. असं घाईत नाही जमायचं ते."

काकूंनी पुढे आणखी दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा, एवढे होऊ देत. मोजणी एकशे त्र्याण्णववर पोचली होती. रोज एक, कधी दोन. एकोणीस राहिले होते, सगळे टाकीकडच्या जुन्या भागात, आणि ते पावलांतही अजून वहीत आले नव्हते. काकूंना वाटले, आता काय, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न.

दुसरा झटका आला तो बोळातच, पहाटे. कडी वाजली होती आणि पाचव्या पावलाला आवाज थांबला.

या वेळी वाचा गेली. अकरा दिवस काका बिछान्यावर होते. लेक धावत आली. काकूंनी बिछान्यापाशी बसून एकदा वही उघडली आणि टाकीकडच्या एका व्हॉल्व्हचे विचारून बघितले. वीस? पंचवीस? तीस? काकांचे डोळे काकूंच्या तोंडावर खिळलेले होते, त्यांना सगळे समजत होते, आणि आतून काही वर येत नव्हते. घशातून नुसता घर्र असा आवाज निघाला आणि डोळ्यांतून पाणी. काकूंनी वही मिटली. पुन्हा विचारले नाही.

बाराव्या दिवशी काका गेले.

आलेली माणसे गेली, घर झाडून झाले, तेव्हा संध्याकाळी लेक वही घेऊन बसली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाने उलटली. निम्मी अक्षरे बाबांची होती, निम्मी आईची.

"माझ्यासाठी एक ओळ नाही, आई."

"नाही."

"दोनशे लोखंडी झाकणं, आणि मी नाही."

काकूंनी वही तिच्या हातून घेतली, ते पान काढले आणि तिच्या मांडीवर ठेवले. "हे तुझ्यासाठी सोडलेलं. इथं व्हॉल्व्ह नको म्हणाले."

लेकीने प्रश्न वाचला. खाली मोकळ्या रेघा होत्या. "काय लिहिणार होते?"

"ते मला सांगितलं नाही."

"तू विचारायचंस ना! रोज बरोबर होतीस, हातात पेन होतं तुझ्या. लिहून घ्यायचंस!"

हाच प्रश्न काकू अकरा दिवस स्वतःला विचारत होत्या. मनात एकदा असेही येऊन गेले होते, की काकांचे सांगणे लिहायचा हात तर आपलाच. चार ओळी घातल्या तर पोरीला जन्मभर पुरतील. पेनही उघडले होते. मग टोपण लावून ठेवून दिले. ज्या वहीतला आकडा न आकडा त्यांनी गुडघे टेकून खरा केला होता, तिच्यात हे कसे घालणार?

लेक त्या पानावरून तळहात फिरवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "आई, शाळेत असताना मी बाबांना बघून लपायचे. खांबामागं. ते खड्ड्यात असायचे तेव्हा." तिचा तळहात पानावर थांबला. "त्यांना कळलं होतं का गं?"

काकूंना रिकामा रस्ता दिसला, फाटक दिसले, खांबाकडे दाखवणारी काठी दिसली.

"छे," त्या म्हणाल्या. "त्यांचं लक्ष कुठं असायचं वर? खालीच सगळं."

लेक मग आईच्या मांडीत डोके घालून रडली. काकू तिच्या केसांतून बोटे फिरवत राहिल्या. आत काहीतरी जड, ओले असे कायमचे बसले, आणि ते त्यांनी बसू दिले.

जाण्याआधी लेकीने वही मागितली. काकूंनी आधी ती इंजिनीअरबाईकडे नेली. कचेरीत सगळ्या पानांच्या प्रती निघाल्या, प्लास्टिकच्या पाकिटांत भरल्या गेल्या. शेवटच्या एकोणीस व्हॉल्व्हपुढे काकूंच्या अक्षरात एकच शब्दजोडी होती: माहीत नाही. एकोणीस वेळा.

"कोरं ठेवलं असतं तरी चाललं असतं, काकू," इंजिनीअरबाई म्हणाली.

"कोरं बघून कुणाला वाटायचं, लिहायचं राहून गेलं. माहीत नाही म्हटलं की शोधतील तरी."

मूळ वही लेकीबरोबर गेली. ते मोकळे पान तिने मोकळेच ठेवले आहे, असे ती फोनवर म्हणाली होती.

वर्ष होत आले. काकू पहाटे उठतात, कडी काढतात, पुन्हा लावतात. दुपारी धुणे काढतात, कारण एकटीच्या कपड्यांना सकाळची घाई कशाला.

अशाच एका दुपारी त्या न्हाणीघरात धुणे धूत होत्या. कोपरापर्यंत साबण होता. कोपऱ्यावर कसला तरी धडाका झाला आणि माणसांचा गलका ऐकू आला. "नळ फुटला, नळ फुटला!" कुणीतरी पळत गेले. काकू तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला. मग कुदळीचा. एकच खड्डा, हे त्यांना आवाजावरून कळत होते. कुदळ जागा बदलत नव्हती. त्यांनी वाहत्या नळाकडे बघितले. धार होती तशीच होती.

मग ती बारीक झाली. नळाने दोनदा खाकरल्यासारखे केले, एक थेंब टोकाशी लोंबकळला आणि पडला. पुढचा आला नाही.

"गेलं का हो तुमचंही?" शेजारीण कुंपणावरून ओरडली. "केसांना साबण लावून बसलेय मी! न सांगता तोडलं मेल्यांनी!"

काकू तशाच साबणाच्या हातांनी दाराशी आल्या. रस्त्यापलीकडच्या ओळीत एक माणूस नळीने झाडांना पाणी घालत होता. त्याची धार भरघोस चालू होती. फक्त या ओळीचे गेले होते, फुटले होते तेवढ्याच तुकड्याचे. व्हॉल्व्ह वहीतल्याच जागी मिळाला होता.

"नकाशीणबाई, मी काय विचारतेय? कधी येणार म्हणे?"

"येईल की," काकू म्हणाल्या. "बरोब्बर बंद केलंय. येईल."

शेजारीण पुटपुटत, डोक्यावर पंचा गुंडाळून पलीकडच्या ओळीत बादली मागायला गेली. काकू गेल्या नाहीत. दोन्ही हात पुढे धरून त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. ऊन हातांवर पडले होते. साबणाचे फुगे एकेक करून फुटत गेले, मग कातडीवर पांढरी खपली धरू लागली, आणि ती ताणली जात होती तरी त्यांनी हात पुसले नाहीत.